शंबूकाने दाखवलेलं रान

मराठी शिकवायला म्हणून मी गोंदिया जिल्ह्यात आले आणि नोकरीतली निम्म्याहून अधिक वर्षं पर्यावरण शिकवत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असं सांगितलं. पुढे बऱ्याच वर्षांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी त्याचा अभ्यासक्रम लागू केला आणि पुण्याचे शल्यचिकित्सक एरच भरुचा यांनी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं. वेगळा शिक्षक मात्र मिळाला नाही. ज्याचे तास कमी त्याच्याकडे तो पेपर जायचा, आणि माझे तास कमी होते.

पुस्तक चांगलं होतं, पण ते साऱ्या देशासाठी लिहिलेलं होतं. माझ्यासमोर बसलेली मुलं धान पिकवणाऱ्या घरांतली होती. कुणी पोवार, कुणी कोहळी, कुणी गोंड, कुणी ढिवर, कुणी बौद्ध. सकाळच्या एस.टी.ने यायची आणि रोवणीच्या दिवसांत आठवडा-आठवडा दिसायची नाहीत. पुस्तकातलं तळं गोल होतं. वर सूर्य, पाण्यात शेवाळ, बेडूक, लहान मासा, मोठा मासा, काठावर बगळा आणि या सगळ्यांना जोडणारे बाण. ती आकृती मी फळ्यावर काढत असताना ढिवर घरातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, याचा तुडूम कुठं आहे?"

कुणी हसलं नाही. सगळ्या वर्गाला तो प्रश्न रास्तच वाटला. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतून शेताकडे पाणी सोडायची मोरी. आमच्याकडचा तलाव कुणीतरी बांधलेला असतो. त्याला पाळ असते, सांडवा असतो, पाट असतो, आणि पाटाखाली धानाच्या बांध्या असतात. कोणाच्या बांधीला पाणी आधी आणि कोणाच्या नंतर याचा क्रम ठरलेला असतो, त्या क्रमावरून झालेली भांडणं तीन पिढ्यांच्या लक्षात असतात. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर होते, उथळ कडेला शिंगाडा लावतात, आणि ते करणारी घरंही ठरलेली असतात. परिसंस्थेच्या धड्यात यातलं काही नव्हतं. तुडूम विचारणाऱ्या मुलीने तलावासोबत त्याचा बांधणारा, त्याचा मालक आणि त्याचा भागीदार हे तिघेही वर्गात आणून बसवले होते.

तेव्हापासून मी ओझोनच्या थरावरचा प्रकल्प देणं बंद केलं आणि मुलांना एक वही करायला सांगू लागले. आपल्या गावचा तलाव किंवा बोडी, म्हणजे लहान तळं, निवडायची आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहायचं: कोणी बांधला, माती कोणी वाहिली, पाणी कोणाला मिळायचं, मासे कोणाचे होते, आज ताबा कोणाचा. विज्ञान शाखेच्या सहकाऱ्यांना हे पर्यावरण वाटेना. एकाने तर सरळ विचारलं की हा इतिहासाचा पेपर आहे का. मी म्हटलं, इतिहासाचाही आहे.

पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार तलाव आहेत. कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोकांच्या तोंडी मामा तलाव. यांतले पुष्कळ कोहळ्यांनी बांधले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोहळ्यांची एक आख्यायिका नोंदली आहे: चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथे त्यांचं तलाव बांधण्याचं कसब त्याने पाहिलं आणि त्यांना इकडे आणलं. नवेगाव बांधचा अफाट जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीने बुजवून पाणी अडवायचं ही त्याची कल्पना. लोकांनी पुढे त्याला देव केलं, आणि कोलासूर म्हणून त्याचं ठाणं तिथल्या डोंगरावर आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून या नवेगावला राहिले. त्यांची पुस्तकं मी वर्गात वाचून दाखवायचे तेव्हा मुलांना पक्ष्यांइतकीच त्यांत भेटणारी माणसं आवडायची, कारण ती त्यांच्या बोलीत बोलणारी आणि रान पायाखाली घातलेली माणसं होती. जून २०२५ मध्ये चितमपल्ली वारले. नवेगावला शिकलेलं ते आपल्या सोलापूरला घेऊन गेले, असं आमच्याकडचे लोक अभिमानाने सांगतात.

वह्या येऊ लागल्या आणि कोलू पाटलाच्या गोष्टीला जोड मिळू लागली. बांधणाऱ्याचं नाव बहुतेक वह्यांत असायचं. माती वाहणाऱ्यांची नावं एकाही वहीत नसायची. विचारलं की म्हातारे म्हणायचे, "सारं गाव होतं." मग मुलं खोदून विचारायची, सारं म्हणजे कोण, आणि उत्तरात वस्त्यांची नावं यायची. एका बौद्ध मुलाच्या आजोबांनी सांगितलं ते त्याने जसंच्या तसं लिहिलं होतं: पाळीवर माती टाकणारे आम्ही, तलावाला घाट दोन, आणि आमचा घाट गुरांच्या उताराच्या पलीकडे. पाटाच्या शेपटाला असलेल्या बांध्याही त्यांच्याच. चांगला पाऊस झाला तर तिथपर्यंत पाणी पोचायचं. हे आजोबा १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेबांची सभा ऐकायला चालत गेले होते. आमचा जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ ला. ती वही वाचून झाल्यावर मी वर्गात २० मार्च १९२७ ची महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट घेतली. मुलांना ती पाठ होती, पण इतिहासाच्या तासाला. पाण्यावरच्या हक्काचा लढा हा पर्यावरणाचाही धडा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

याच काळात जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' मी पुन्हा हातात घेतला. एम.ए.ला मी तो गद्यशैलीसाठी वाचला होता. आता वाचताना दिसलं की १८८३ सालचं हे पुस्तक जंगलखात्याने गायरानं आणि डोंगर बंद केल्यामुळे शेतकऱ्याची गुरं कशी मेली हे सांगतं, डोंगरावरून वाहून जाणाऱ्या कसदार मातीची काळजी करतं, आणि सरकारने आपल्या रिकाम्या शिपायांकडून ठिकठिकाणी ताली, बंधारे घालून घ्यावेत म्हणजे पाणी शेतात मुरेल, असा साधा व्यवहारी उपाय सुचवतं. पाणलोट विकासाचे अहवाल शंभर वर्षांनी जे सांगू लागले ते फुल्यांनी करवसुली, जात आणि कर्ज यांच्यासकट एका श्वासात सांगितलं आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात आपण असूड ठेवतो आणि पर्यावरणाच्या अभ्यासक्रमात त्याचं नावही घेत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण माझं शिकवणं खरं बदललं ते एका संस्कृत नाटकामुळे.

आमगावजवळ पदमपूर नावाचं गाव आहे. आठव्या शतकातल्या भवभूतीने आपलं मूळ गाव पद्मपूर असं सांगितलं आहे, आणि ते पद्मपूर म्हणजे हेच पदमपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. गावात जुने शिल्पावशेष आहेत. जिल्ह्यातल्या मुलांना भवभूती म्हणजे एका महाविद्यालयाचं नाव एवढंच ठाऊक असतं. मी ठरवलं की त्यांना तिथे न्यायचं आणि 'उत्तररामचरिता'चा दुसरा अंक मराठीत वाचायचा. निवड दुसऱ्या अंकाची केली कारण तो सगळा दंडकारण्यात घडतो. त्यात राम पुष्कळ वर्षांनी त्याच रानात परत येतो आणि म्हणतो की पूर्वी जिथे प्रवाह होते तिथे आता वाळवंटं आहेत, जिथे झाडं दाट होती तिथे विरळ झाली आहेत आणि विरळ होती तिथे दाट. डोंगर जागेवर आहेत म्हणून पटतं की रान तेच आहे. बाराशे वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने रानात झालेला बदल इतक्या नेमकेपणाने टिपला, हे मला मुलांना दाखवायचं होतं. एवढीच माझी तयारी होती.

झाडाखाली बसून आम्ही पाळीपाळीने वाचत होतो. अंकाच्या सुरुवातीला आत्रेयी नावाची तापसी येते. वाल्मीकींच्या आश्रमात लव आणि कुश इतके हुशार आहेत की त्यांच्याबरोबर शिकणं तिला झेपत नाही, शिवाय वाल्मीकी रामायण लिहिण्यात गुंतलेले. म्हणून ती वेदान्त शिकायला अगस्त्यांकडे निघाली आहे, एकटी, दंडकारण्यातून चालत. मुली तिच्यावर खूश झाल्या. वाटेत तिला वनदेवता वासंती भेटते, आणि आत्रेयी तिला क्रौंचाची गोष्ट सांगते: तमसेच्या काठी पारध्याने जोडीतला एक पक्षी मारला आणि वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक निघाला. हे वाचताना मी थांबून सांगितलं की हा क्रौंच म्हणजे सारस असावा असं अनेक अभ्यासकांचं मत आहे, आणि ज्युलिया लेस्ली या विदुषीने १९९८ साली एका सविस्तर लेखात त्याची बाजू मांडली आहे. सारस आज महाराष्ट्रात मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरले आहेत. मुलांनी लगेच कोणाच्या शेतात जोडी बसते त्याची नावं घेतली.

मग शंबूक आला. शूद्र असून तप करतो म्हणून राम त्याला मारायला येतो. मारताना त्याचा हात अडखळतो, गर्भवती सीतेला वनात सोडणाऱ्या रामाचा तू हात, तुला कसली दया, असं तो आपल्याच हाताला सुनावतो, आणि मारतो. त्यानंतर शंबूक दिव्य रूपात समोर उभा राहतो आणि रामाला सांगतो की हे दंडकारण्य, हे जनस्थान. गुहा, जनावरं, नद्या, वाऱ्यात हलणारी वेळूची बेटं, सगळं तो दाखवत जातो. वाचणारा मुलगा मध्येच थांबला. वही लिहिताना आजोबांचा घाट नोंदवणारा तोच मुलगा. तो म्हणाला, "मॅडम, रामाला रान दाखवणारा कोण? ज्याला मारला तोच."

मी हा अंक अनेकदा वाचला होता. रान, करुण रस, रामाचा विलाप यांवर मी तासभर बोलू शकले असते. शंबूकवध हा मला या नाटकातला अवघड भाग वाटायचा आणि शिकवताना मी तो लवकर आटपायचे. त्या मुलाने दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. ज्याला या व्यवस्थेने जगायचा हक्क नाकारला, रानाची ओळख त्याच्याकडे आहे, आणि राजाला ती त्याच्याकडूनच घ्यावी लागते. भवभूतीला हे म्हणायचं होतं का, मला माहीत नाही. पण त्याने ते लिहून ठेवलं आहे, आणि आमच्या जिल्ह्यात ते मी पुढे जिथे गेले तिथे दिसत राहिलं.

सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. दाट जंगलात मोठ्या नैसर्गिक गुहा. माघ पौर्णिमेला धनेगावला देशभरातून गोंड समाज जमतो. श्रद्धा अशी की गुहेत अडकलेली मुलं पारी कुपार लिंगोने बाहेर काढली, जंगो रायताडने त्यांना सांभाळलं, आणि त्यांच्यापासून कोया पुनेम या गोंडी धर्माची कुळं सुरू झाली. प्रत्येक कुळाला एक झाड, एक प्राणी आणि एक पक्षी नेमून दिला. ज्याचं ते त्याने राखायचं, तोडायचं नाही, मारायचं नाही. साडेसातशे कुळं, म्हणजे साडेबावीसशे जीव. नागपूरचे भाषाअभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी या सगळ्यावर आयुष्यभर लिहिलं आणि कचारगडचं महत्त्व लोकांपुढे आणलं. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेली एक गोंड मुलगी आम्हाला यात्रेत घेऊन गेली. तिथे ती वेगळीच होती. तिच्या मोठ्या वडिलांनी आम्हाला कुळांची रचना समजावली तेव्हा ती दुभाषी झाली, त्यांच्या गोंडीतून आमच्या मराठीत.

परत आल्यावर एका उत्साही मुलाने लिहिलं की आमच्या पूर्वजांना जैवविविधतेचं शास्त्र ठाऊक होतं. ते मी त्याला खोडायला लावलं. या रचनेला आजच्या शास्त्राचं प्रमाणपत्र द्यायची गरज नाही, आणि तसं केलं की तिच्यातलं मोलाचं हातचं निसटतं. शास्त्र जीव मोजतं. इथे माणूस जिवाशी नातं सांगतो, आणि नात्यात जबाबदारी येते. तत्त्वज्ञान म्हणून मी ते शिकवते: माणूस आणि निसर्ग असे दोन वेगळे तुकडे करून मग त्यांच्यात पूल बांधायचा, की मुळात एकच कुटुंब मानून त्यात आपली पाळी कोणती ते ठरवायचं? त्या मोठ्या वडिलांनी जाताना सांगितलं होतं की आता पोरांना आपलं झाड सांगता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांच्या गावाजवळ ते झाड उरलेलं नाही. हेही मी शिकवते. गोडगोड करून मी ही गोष्ट कधी सांगितली नाही.

सारसाच्या बाबतीत मला एका शेतकऱ्याने शिकवलं. वैनगंगा आणि वाघ नदीच्या पट्ट्यात, मध्य प्रदेशातल्या बालाघाटला लागून, धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या कडेला सारस घरटी करतात. पावसाळ्यात उथळ पाण्यात गवत-काड्यांचा मोठा ढीग, त्यावर एक किंवा दोन अंडी, आणि महिनाभर नर-मादी पाळीपाळीने उबवतात. उभा सारस माणसाच्या उंचीचा. 'सेवा' संस्थेचे कार्यकर्ते गेली कित्येक वर्षं या घरट्यांवर लक्ष ठेवून शेतकऱ्यांशी बोलत आले आहेत, आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. हे सगळं मुलांना वर्तमानपत्रातून ठाऊक होतं. ज्या बांधीत जोडी बसली होती त्या शेतकऱ्याला आम्ही भेटलो. त्याने हिशेब सांगितला. घरट्याभोवतीचा धान गेला, तेवढ्या जागेत निंदण करता येत नाही, औषध मारता येत नाही. तरी त्याची तक्रार पक्ष्याबद्दल नव्हती. "माझ्या बापाच्या बांधीत बी बसत होते," तो म्हणाला. मग त्याने शेतावरून खाली लोंबणारी विजेची तार दाखवली. सारस तिला लागून मरतात हे त्याला साहेबांच्या आधी माहीत होतं. तार वर उचलावी म्हणून त्याने अर्ज दिला होता, आणि त्याची पोच खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. पक्षी वाचवायला शेतकऱ्याचं प्रबोधन केलं पाहिजे असं वाक्य कुठल्याही विद्यार्थ्याच्या प्रकल्पात आलं की मला ती पोच आठवते.

वर्गातलं सर्वांत कडाक्याचं भांडण वाघावरून झालं. नवेगाव आणि नागझिरा मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' हा वाघ त्याच वर्षी उमरेड-कऱ्हांडल्याला चालत गेला आणि देशभर प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये नागझिऱ्यात बाहेरून वाघिणी आणून सोडल्या. माझ्या वर्गात वाघासाठी जीव टाकणारी मुलं होती, रविवारी स्वखर्चाने पाणवठे साफ करणारी. त्याच वर्गात नवेगावच्या जंगलातून उठवलेल्या कुटुंबातला एक मुलगा होता. काळीमाती, कवलेवाडा, झनकारगोंदी या गावांना सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामनगर इथे वसवलं होतं. काही वर्षांनी आपल्याला जे कबूल झालं ते मिळालं नाही म्हणून तिथले लोक पुन्हा जंगलातल्या जुन्या गावी जाऊन बसले. त्या मुलाने वर्गात सांगितलं की नव्या जागी रस्ता आहे, वीज आहे, दवाखाना जवळ आहे, हे सगळं खरं. पण मोहफूल वेचायला आईला आता दुसऱ्याच्या गावाच्या हद्दीत जावं लागतं आणि तिथल्या बाया तिला हाकलतात. पाणवठे साफ करणाऱ्यांतल्या एकाने विचारलं, "मग वाघाने कुठं जायचं?" यावर तो म्हणाला, "आमच्या गावात वाघ होताच. म्हणूनच तर आमाले उठवलं."

मी त्या तासाला निकाल दिला नाही. मला वाघ हवा आहे, मोठं सलग जंगल हवं आहे. आणि जिथे माणसं वाघासोबत राहत आली तिथे त्यांच्या राहण्याची किंमत पूर्ण मोजल्याशिवाय, त्यांच्या ग्रामसभेच्या खऱ्याखुऱ्या संमतीशिवाय त्यांना हलवणं अन्याय आहे असंही मला वाटतं. ही दोन्ही मतं मी वर्गात उघड मांडते. भांडलेले ते दोघे पुढे मित्र झाले. एक आज वनरक्षक आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात मात्र काही चांगलं घडताना मी पाहिलं, आणि त्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारीची जुनी पद्धत, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. गावाचा निस्तार, म्हणजे सरपण, चराई, पाणी यांचे जुने वहिवाटीचे हक्क, कागदावर राहिले. पण पाळीची डागडुजी कुणी करायची, गाळ कुणी काढायचा हे ठरवणारं गावात कुणी उरलं नाही. तलावांत बेशरम नावाच्या तणाचं रान माजलं. बाहेरून रोहू-कटल्याचं बीज आलं आणि मरळीसारखे जुने मासे कमी होत गेले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने इथल्या ढिवर समाजाबरोबर, विशेषतः बायांबरोबर, काम उभं केलं. बेशरम मुळासकट उपटायची, पाण्यातल्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावायच्या, म्हणजे माशांना अंडी घालायला जागा होते. त्यातल्या बायांना मी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लावणी करताना पाहिलं, धानाची रोवणी करतात तशीच, ओळीने. कोणती वनस्पती कोणत्या मातीत आणि किती खोल पाण्यात तगते हे त्या आपसांत वाद घालून ठरवत होत्या. माझ्याबरोबर आलेल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकारी बाई वही काढून त्यांचं बोलणं उतरवत बसल्या. इतिहासाचा पेपर आहे का असं ज्यांनी विचारलं होतं ते सर पुढच्या वर्षी आपणहून आले.

वह्यांचं पुढे काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. मी त्या विभागाच्या कपाटात ठेवत गेले, तालुकावार गठ्ठे बांधून. मग एका पावसाळ्यात माजी विद्यार्थ्याचा फोन आला. तो गावच्या वनहक्क समितीचा सचिव झाला होता. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाच्या सामूहिक हक्कांमध्ये पाणवठ्यांतल्या माशांचाही हक्क येतो. देवरी आणि अर्जुनी मोरगावच्या ग्रामसभा या कायद्याचा आधार घेऊन आपला तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या होत्या, आणि याच्या गावाला जंगलातल्या तलावावरचा मासेमारीचा दावा टाकायचा होता. अडचण अशी की ढिवर अनुसूचित जमातीत येत नाहीत. इतर पारंपरिक वननिवासी म्हणून त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, आपण त्या जंगलात राहतो आणि त्यावर जगतो हे दाखवावं लागतं. म्हणजे १९३० च्या आधीचा पुरावा. ज्या माणसांच्या नावावर कधी सातबारा नव्हता त्यांनी तो आणायचा कुठून?

त्याला आठवलं की त्याच्या पुढच्या तुकडीतल्या एका मुलीने त्याच तलावाची वही केली होती. मी गठ्ठा सोडला. वही सापडली. त्यात तिच्या आजीचं बोलणं होतं. मालगुजारी गेली त्या साली माझं लग्न झालं, असं आजीने सांगितलं होतं. त्यावेळी सासरे तलावावर जाळं टाकायचे आणि मालगुजाराला वाटा द्यायचे. सासऱ्यांच्या बापाने पाळ फुटली तेव्हा गावाबरोबर ती बांधली होती, आणि त्याबद्दल तलावात शिंगाडा लावायची मुभा घराला मिळाली होती. सासऱ्यांच्या बापाची पाळ म्हणजे बहुधा १९३० च्या आधीची गोष्ट. मुलीने हे सगळं आजीच्याच शब्दांत उतरवलं होतं, शुद्धलेखनाच्या चुकांसह. मी तेव्हा त्यावर लाल शाईने काही खुणा केल्या होत्या.

वनहक्काच्या नियमांत ज्येष्ठ व्यक्तींचं लेखी उतरवलेलं निवेदन हा ग्राह्य पुरावा आहे. पण आजी तोपर्यंत वारली होती, आणि वहीवर तिची सही नव्हती, अंगठा नव्हता, तारीख नव्हती. समितीने वहीचा वापर वाट काढायला केला. त्यात ज्या दोन घरांचा उल्लेख होता तिथल्या म्हाताऱ्यांकडे ते गेले. पाळ फुटल्याची गोष्ट त्यांनीही तशीच सांगितली, आणि ती त्यांच्या नावाने, अंगठ्यासह लिहून घेतली. जुना निस्तारपत्रकाचा उतारा तहसीलमधून मिळवायला त्यांना आणखी बरेच महिने लागले. ग्रामसभेने दावा मंजूर करून उपविभागीय समितीकडे पाठवला. तो अजून तिथे आहे.

त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीला मी सांगत आले की वहीच्या शेवटी सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, तारीख आणि सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि दोन साक्षीदारांचाही. लाल शाई मी वापरत नाही.